कासाब्लांका ते माँट्रियल, सरळ रेषेत

४ ऑक्टोबर, संध्याकाळ. कासाब्लांका.
घडलं ते असं:
१. विमान वेळेवर होतं.
२. आई चढली. जन्मात पहिल्यांदा.
३. मी दारापर्यंत गेले. पंखाच्या मुळाशी डाग दिसला.
४. विमान गेलं. मी इथेच.

भीतीचा प्रश्न नाही. कारखान्यात मी विमानांचं वायरिंग तपासते. डाग दिसला की थांबणं हे माझं कामच आहे. दारावरची मुलगी म्हणाली, मॅडम, पाणी आहे ते. तिला काय कळतंय. एका जागी बसवत नाहीये. कॉफी जास्त झाली.

५ ऑक्टोबर
आई सुखरूप पोचली. धाकटी बहीण विआम माँट्रियलला असते, तिची मुलगी पाच दिवसांची. सातव्या दिवशी मेंढा कापून नाव ठेवायचं, आणि ते मोठ्याने पुकारायचं मी, असं वचन दिलेलं आहे. उशीर तांत्रिक कारणाने, असं विआमला सांगितलं. ती म्हणाली, ताई, तांत्रिक कारणाने इतका घाम येतो? व्हिडिओ कॉल ही चूक. उद्याचं तिकीट काढलं. पक्कं.

६ ऑक्टोबर
अंतर साधारण ५,६७० किमी. वेळ पावणेआठ तास. जाताना वारा समोरून, म्हणून परतीपेक्षा तासभर जास्त. म्हणजे माँट्रियलहून इकडे येणं अधिक सोयीचं. पण मी माँट्रियलमध्ये नाही.
विमानतळाच्या फाट्यावर श्वास अडकला. सर्दीची सुरुवात असणार. टॅक्सी वळवली.

८ ऑक्टोबर
विआमने कार्यक्रम चौदाव्या दिवसावर ढकलला. चालतं आमच्यात: सात, चौदा, नाहीतर एकवीस. आई फोनवर ओरडली, तुझ्यापायी लेकरू बिननावाचं पडलंय, सगळे नुसतं ‘ए बाळ’ म्हणतात!

९ ऑक्टोबर
कारखान्यातल्या साहेबांनी, अब्देलवाहेदनी, विचारलं, अगं गिझलान, तुझ्या शिक्क्याशिवाय इथून एक वायर बाहेर जात नाही, आणि तूच चढेनास? मग आम्ही काय गाढवावरून जायचं? म्हटलं, वायरवर विश्वास आहे, समुद्रावर नाही.
वाटेत समुद्रातल्या अझोर्स बेटांवर थांबून गेल्यास प्रवासाचे दोन तुकडे होतात. दुसऱ्या तुकड्याखालीही समुद्रच. नकाशात सुधारणेला वाव नाही.

१३ ऑक्टोबर
प्रगती. आत जाऊन बसले. पट्टा लावला. दार लागल्याचा आवाज आला आणि कानात दुसरं काही उरलं नाही. शेजारच्या बाईने माझा हात धरून दुवा म्हटली. म्हणाली, पोरी, मलाही भीती वाटते, तरी जातेच ना. तिची समजूत चुकीची होती. मी दार उघडायला लावलं. उतरले.
ते विमान तिकडे उतरल्याचं नेटवर दिसेपर्यंत जेवले नाही. मग रडले. थकवा.

२० ऑक्टोबर
चौथं तिकीट. आज विमानतळाचा प्रश्नच आला नाही. घराचं दारच उघडवेना. कुलूप तपासलं. व्यवस्थित आहे.
विआमला फोन केला. एकविसावाही चुकेल म्हटलं. ती चिडली नाही. त्याने जास्त धसका बसला. आईने फोन घेतला. म्हणाली, अगं, नाव सातव्याच दिवशी ठेवलं, मीच पुकारलं. थांबलोय म्हटल्यावर तरी येशील असं वाटलं होतं.
नाव काय, विचारलं. सांगेना. म्हणाली, इथे ये आणि हाक मार.

पाठवलेला संदेश इथे उतरवून ठेवते:
विआम, तांत्रिक कारणाने येणं होत नाही. बाळाचं नाव २५ तारखेपर्यंत कळवावं.