तुरतुरीचं नाक

दि. ९ मार्च
वीटभट्टी, दुपारची सुट्टी

चि. भिंगरीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. आबांची नजर आणखी अधू झाली आहे, पण कान अजून तिखट. तुझी वहिनी मला बोलायला लागली की ते ओसरीवरून तिला दुजोरा देतात. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. वेळ नव्हता म्हणून उत्तर दिलं नाही. हे खोटं आहे ते तुलाही कळतं, तरी लिहून टाकलं.

आधी आभार मानतो. तुझ्या जनावरांच्या दवाखान्याची गाडी आता दर पंधरवड्याला येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना गाढवांजवळ फिरकूही दिलं नव्हतं. बहिणीने पाठवलं असेल तर आल्या पावली परत जा, असं तोंडावर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि दारातच गाडी लावून दिवसभर दुसऱ्यांच्या गाढवांचे खूर साफ केले. पुढच्या खेपेला मीच झक मारत काळीला घेऊन गेलो. तिच्या पाठीवरची जखम पार चिघळली होती. आता ती बरी आहे, आणि तिला मी ओझ्यातून मोकळं केलं आहे. तू पाठवलेल्या जाड गाद्या घालायला लागल्यापासून बाकीच्यांच्या पाठी कोरड्या आहेत. काठीच्या टोकाचा खिळाही उपटून टाकला. तुझी वहिनी म्हणते, गाढवं सुधारली, आता नवऱ्याकडे बघते.

खरं लिहायचं होतं ते तुरतुरीबद्दल. काळीचं हे शिंगरू आता चार वर्षांचं झालं, म्हणजे ओझ्याला लागायच्या वयाचं. ओझ्याला लावण्याआधी आपल्यात नाकपुड्या चिरतात, चढावर दम पुरावा म्हणून. तुला नव्याने काय सांगायचं. मुकादमाने बजावलं की नाक चिरल्याशिवाय हिला चढाला लावायचं नाही, मध्येच कोसळली तर मागची सगळी रांग अडेल. आबांनी सुरीला धार लावून ठेवली. मी ती हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

काळीच्या नाकाबद्दल बाईंनी विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं की विकत घेतली तेव्हापासूनच असं आहे. हे तुझ्या कानावर गेलं असेल आणि तू गप्प राहिली असशील. त्याबद्दलही तुझे उपकारच.

काळीचं नाक मी चिरलं. तू दहा वर्षांची होतीस. तिचं डोकं धरायला मी तुलाच उभं केलं, कारण ती तुझ्याजवळ मुकाट राहायची. तुझा फ्रॉक रक्ताने भरला. तू रडली नाहीस, एवढंच विचारलंस, "दादा, आता तिला खरंच जास्त श्वास येतो का?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या थोबाडीत मारली. त्यानंतर काळी तुझ्या हाकेला कधी आली नाही. पुढे तू शिकायला निघून गेलीस, तेव्हा हिला आपल्या धंद्याची लाज वाटते असं मी गावभर सांगत सुटलो. तुला लाज कशाची वाटत होती, ते मला चांगलं ठाऊक होतं.

तोच प्रश्न मी या खेपेला बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, चिरल्याने आत जातात त्या फक्त धूळ आणि माशा. मग मुकादमाला म्हटलं, एक खेप बघा. कोसळली तर तुमच्यासमोर मी स्वतः चिरतो.

परवा सकाळी तुरतुरीला अर्ध्या ओझ्याने रांगेच्या शेवटी लावलं. तिच्यापेक्षा मीच जास्त धापा टाकत होतो. मधल्या वळणावर ती थांबली. मुकादम वरून बघत होता. माझी काठी वर गेली होती, तुझ्यापासून काय लपवू. मग तू काळीशी बोलायचीस तसं जिभेने टक टक केलं. तिने कान हलवले आणि निघाली. वर पोचल्यावर बाकीच्यांच्या आधी तिची धाप ओसरली. मुकादम तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "उद्यापासून हिला मध्ये लाव."

संध्याकाळी आबांनी तिला जवळ आणायला लावलं. तोंडावरून हात फिरवता फिरवता त्यांची बोटं नाकपुडीशी थांबली. बराच वेळ ते चाचपत बसले. मग म्हणाले, "ओझं वाहून आलेल्या जनावराचं धड नाक पहिल्यांदा हाताला लागलं रे." आणि थोड्या वेळाने, "पोरीला कळव."

म्हणून कळवतो आहे. सुरी आबांनीच फडक्यात गुंडाळून दिली, ती बाईंबरोबर पाठवतो. तिचं काय करायचं ते तू ठरव. जमलं तर एकदा ये. काळी तुझ्याजवळ येईल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मी वेशीपर्यंत न्यायला येईन.

तू काळीच्या श्वासाचं विचारलं होतंस त्याला अठरा वर्षं झाली. नाही गं, येत नव्हता.

तुझा उपकृत,
दादा