गिटार नको, बासच

तोमोनारी,

तुम्ही दोघं झोपला आहात म्हणून उठवलं नाही. नाओ उठली की ताप बघ. सकाळी नव्हता, तरी बघच. साडेसदतीस अंशांच्या वर गेला तर लगेच फोन कर, फोन माझ्या खिशातच आहे. उदोनच्या शेवया डब्यात आहेत, गरम करून दे.

तू कामावरून, तुमच्या गिटारच्या कारखान्यातून आणलेली गिटार परत खोक्यात ठेवली आहे. गिटार चांगली आहे, पण मला नको. मला बास हवा होता, जाड तारांची ती खर्जातली गिटार. "गिटार शिक, नाओला बालवाडीची गाणी वाजवून दाखवशील. बास कुणाला ऐकू येतो?" असं तू म्हणालास, तुझी आई हसली आणि मीही हसले. तेवढं माझं चुकलं.

काल दुकानात दोन्ही वाजवून पाहिलं. गिटार हातात घेतली की बालवाडीचीच गाणी आठवत होती. बासची जाड तार ओढली तेव्हा पोटात घुमलं, आणि मिनिटभर मला कुणाचीच काळजी वाटली नाही. मी बास घेतला. पावतीसाठी नाव लिहायला सांगितलं, तर सवयीनं 'नाओची आई' लिहून बसले. म्हातारा दुकानदार म्हणाला, "वाजवणार कोण बाई, तुम्ही की नाओ?" मी ते खोडून माझं नाव लिहिलं.

बालवाडीतल्या मुलांच्या आयांच्या बँडची तालीम पाचपर्यंत आहे, तिथे जाते आहे. बास बदलून आणणार नाही. तुझ्या आईला तूच सांग.

नाओ झाल्यापासून तूही मला 'आई'च म्हणतोस. आज घरी आले की नावानं हाक मार. मी तुझी आई नाही.

मिफुयु