तोरणाची दोरी घरातच आहे

अहो कारभारी,

आज खांदशेकणी, उद्या पोळा. हाताला अजून तूप-हळदीचा वास आहे आणि त्याच हातानं हे लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर मी रडले, भिंतीशी बोलले, पण तुम्हाला कधी लिहिलं नाही. आज लिहिते, कारण आज मला तुमचा राग आला आहे आणि भांडायला तुम्ही समोर नाही.

आपण घरात आपल्या तांड्याच्या बोलीत बोलायचो. पण मी अक्षरं शिकले ती आपल्या रुपलीच्या शाळेच्या पाटीवरून, म्हणून लिहिते ते मराठीत. तेव्हा तुम्ही हसला होता. "आता कारभारीण कचेरीत बसणार!" म्हणाला होता. बसले. पंचायतीत बायांसाठी जागा निघाली तेव्हा सरपंचांनीच माझं नाव सुचवलं. बाई गप्प बसेल, सही करेल, असं त्यांना वाटलं.

आज दुपारी त्यांनी मला वाड्यावर बोलावलं. नवीन शेठचे बैल आले आहेत, कारभारणीच्या हातानं त्यांचे खांदे शेकावेत, म्हणाले. हा नवीन शेठ तांड्यालगतच्या आखराच्या जागेवर सरकीच्या तेलाची गिरणी काढणार आहे. उद्या सकाळी पंचायत बसणार, त्याला करमाफी द्यायची. मग तोरणाखालून पहिली जोडी त्याची.

मी तूप-हळद घेऊन गेले. पांढरी जोडी. शिंगांना हिरवा बेगड. खांद्यावर हात ठेवला आणि थांबले. खांदा लोण्यासारखा मऊ! जुवाचा घट्टा नाही, साधा वण नाही. मग डाव्या बैलाचा कान पाहिला. टोकाला फाटलेला.

ओळखलात का कारभारी? की तुम्हाला तेव्हाही ओळखायचं नव्हतं?

महाराष्ट्र झालं त्याच्या पुढच्या पोळ्याची गोष्ट. जुना शेठ जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, टाकायला आला होता. त्यानं आपल्या तांड्याचं आखर मागितलं, जिथं गावाचे आणि तांड्याचे बैल दुपारी बसायचे. वर जकात माफ, कारखान्याची पट्टी माफ. सरकारची सूट त्याला वेगळी होतीच. पंचायतीत लोक कुजबुजत होते. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "आपल्या पोरायले कामासाठी यवतमाळले जा लागते, दारव्ह्याले जा लागते. जिन आली तर काम दारात येईल. कर आज सोडू, उद्या घेऊ. कराच्या पैशातून पहिली विहीर तांड्यात."

चांगलं बोलला होता. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू?

पण खांदशेकणीला त्याच्या बैलांना मी तूप लावलं आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "अहो, यांच्या खांद्याला कधी जू लागलंच नाही." तुम्ही काय म्हणालात? "शेठचे बैल. त्यायले औत कायले?" मी म्हटलं, "मग निदान लिहून घ्या. किती वर्षं जिन इथं ठेवणार, ते कागदावर घ्या." तुम्ही चिडलात. "ज्याले आपण तोरणाचा मान देऊन राह्यलो, त्याच्याकडून कागद मागू? तांड्याची इज्जत काय राहील?"

तुमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरले. बैलाच्या अंगावर हात फिरवून तो किती चालला हे सांगणारे तुम्ही! आणि त्या दिवशी शिंगांचा बेगड पाहिलात, खांदा पाहिला नाही. अशी जोडी पाळणारा माणूस खोटा नसतो, म्हणालात. पाळली कुठं होती? फिरवत होता, देवीचा गाडा फिरवतात तशी.

मी जिनच्या विरुद्ध नव्हते, अजूनही नाही. मीही जिनच्या ओट्यावर बसून कापसातली कवडी, किडका कापूस, वेचली. बाजाराच्या दिवशी स्वतःच्या कमाईची बांगडी घेतली, तेव्हा तुम्ही दाराशी उभं राहून "आता मले कोण विचारते!" म्हणाला होता. किती हसलो होतो! म्हणूनच राग जास्त येतो. काम खरं होतं. तुमची आशाही खरी होती. खोटा होता तो फक्त शब्द, आणि तोच आपण कागदाशिवाय घेतला.

मग तापानं तुम्ही गेलात. सुटलात! पुढचं मी पाहिलं.

करमाफीची मुदत संपत आली तसं जिनचा भोंगा बंद पडला. दुरुस्ती आहे, म्हणाले. एका सकाळी ट्रक आले. सरकी काढायचे रेचे, पट्टे, इंजिन, पत्रे, सगळं उचललं. सरपंच हात जोडून मागं धावले. शेठ गाडीतून म्हणाला, "धंद्यात नुकसान झालं भाऊ, तुम्हीच सांगा काय करू?" आखरात राहिले सिमेंटचे ओटे आणि वर आलेले लोखंडी खिळे. आता तिथं ना जिन चालते, ना बैल बसतो. विहीर? आम्ही अजून नाल्यात झिरा उकरतो, वाटी-वाटीनं घागर भरतो. शेठनं बुडवलेल्या कराची भर म्हणून पंचायतीनं घरपट्टी वाढवली. म्हणजे कारखान्याची पट्टी भरली कोणी? झोपडीनं.

त्या वर्षी पोळ्याला पोरांनी तोरणाशी झडती, पोळ्याचं टोमण्याचं गाणं, म्हटली. मी घरात होते, इथपर्यंत ऐकू आली:

आखर दिलं, कर सोडला, शेठले दिला मान,
शेठ गेला रेचे घेऊन, कापले गावाचे कान!

आणि मग हर हर महादेव! सगळा गाव हसला. कान शेठनं कापले, पण लोक बघत होते आपल्या घराकडे. तुम्हाला हे ऐकावं लागलं नाही. मला दरसाल लागतं.

गेल्या उन्हाळ्यात उमरखेडकडे तुमच्या बहिणीकडे गेले होते. सोनी मोठ्या आनंदानं म्हणाली, "भोजाई, आमच्या गावात जिन आली! शेठ लय देवमाणूस. पोळ्याले पहिली जोडी त्याचीच होती. पांढरे बैल, पण एकाचा कान फाटका हाय बिचाऱ्याचा."

मी विचारलं, "सोने, कर माफ केला का तुमच्या पंचायतीनं?"

"मंग? मानाचा माणूस हाय, त्याच्याकडून कर घेतात का?"

तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मंग भाऊ काहून नाही बोलला आमाले?" काय सांगू तिला? तिचा भाऊ स्वतःच फसला होता, आणि फसलोय हे कळायच्या आधीच गेला?

आज तेच बैल सरपंचांच्या अंगणात! मी सरळ विचारलं, "भाऊ, हा नवीन शेठ जुन्याचा कोण लागतो?"

ते इकडंतिकडं बघायला लागले. "मेहुणा हाय. पण वैनी, माणूस अलग, धंदा अलग."

"बैल तर अलग नाहीत."

"आता बैलायचं काय घेऊन बसल्या? तुमची सही झाली की तांडा काही बोलत नाही. अन् ऐका तर, गिरणीच्या फाटकावर कमान बांधणार हाय. कारभाऱ्याचं नाव देणार. त्यानंच तर शब्द टाकला होता ना गावासाठी?"

तुमचं नाव! ज्या आखरावर तुमची फसवणूक झाली, तिथंच तुमच्या नावाची कमान! तुपाची वाटी माझ्या हातातून पडली नाही, मीच ठेवली. एका बैलाचा खांदा शेकायचा राहिला. बैलाचा काय दोष म्हणून परत वळले, त्याचाही खांदा चोळला आणि घरी आले. म्हातारा झालाय तो. किती गावांचे मान घेत फिरला असेल बिचारा!

कारभारी, मला तुमच्यावर रागावू द्या. तुम्ही चोर नव्हता. तुम्ही मान आणि करार यांत फरक केला नाही, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी रोज नाल्यात वाकते.

उद्या काय करणार ते सांगते. मी करमाफीला नाही म्हणणार नाही. गिरणी यावी, पोरींना काम मिळावं. पण आधी विहिरीला पाणी लागलं पाहिजे, मग माफी. माफीची जितकी वर्षं, तितकीच वर्षं पुढं कर भरत गिरणी इथं चालवायची. आधी उचलली तर सोडलेला सगळा कर परत. हे कागदावर, मेहुण्याच्या सहीनं, तांड्यासमोर वाचून. वाचणार मी.

आणि नाहीच ऐकलं तर? तोरणाची अंबाडीची दोरी दरसाल तांड्याच्या कारभाऱ्याच्या घरची. तुम्ही गेल्यावरही मीच वळते. यंदाचीही वळून झाली आहे, खुंटीला लटकते आहे. तांड्यातल्या बायांना मी सांगून ठेवलंय: सही झाल्याशिवाय दोरी घरातून निघणार नाही. दोरी नाही तर तोरण नाही. तोरण नाही तर मान कशाचा? तो फाटक्या कानाचा बैल उद्या कोणत्याही गावात कोणत्याही तोरणाखालून जाईल, पण माझ्या दोरीखालून फुकट जाणार नाही.

तुमच्या हयातीत आणि नंतरही तुमचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. उद्या घेणार आहे. भर सभेत उभी राहून म्हणणार आहे, "मी थावरा कारभाऱ्याची बायको. त्यांच्या नावाची कमान नको. त्यांच्या नावाची विहीर पाहिजे."

हे वचन. पाणी लागलं की पहिली घागर तुमच्या नावानं ओतीन. तोवर राग जाणार नाही.

तुमचीच, अजून रागावलेली,
जमनी