पात्याच्या मुळावरची अक्षरं

२३ नोव्हेंबर १९५५, बुधवार. कुरुळी

पोचलो एकदाचा. भोसरीपर्यंत एस.टी.त उभाच होतो, पुढे बसायला मिळालं. दोन्ही बाजूंना कांद्याची लागण चालली आहे. नाशिक रस्त्याला लागूनच घर आहे, कौलारू आणि लांबलचक. पुढच्या पडवीत वाटसरू उतरतात, मागे मालकीणबाई राहतात. मला मधली खोली दिली. तिला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. ती पाहून मन हरखलं, कारण माझं काम उजेडावर चालतं.

हे काम युनूसभाईंनी मिळवून दिलं. पिंपरीच्या बाजारात त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मुंबईच्या कुणा शौकिनाला इथल्या मालकीणबाईंकडचे जुने घडीचे चाकू विकत घ्यायचेत. पण प्रत्येक चाकू कुणी केला आणि किती जुना, हे लिहून हवंय. रविवार पेठेतल्या चाकू-कात्र्यांच्या दुकानात मी एकतीस वर्षं उभा राहिलो. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. तेव्हापासून काळेवाडीला मुलीच्या घरी आहे. रतन काही बोलत नाही, पण एका खोलीत पाच माणसं म्हणजे सहावा कुठेही बसला तरी वाटेतच.

मालकीण मंजुळाबाई साठीच्या पुढच्या, शिडशिडीत, आवाज मऊ. गरम भाकरी, पिठलं, वर लसणीची चटणी. मी बसेपर्यंत त्या बसल्या नाहीत. माझी भागीरथी गेल्यापासून कुणी मला पहिली भाकरी अशी तव्यावरून ताटात वाढली नव्हती. जेवून उठलो तर डोळे भरून आले. वय झालं, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच पेटी उघडली. पत्र्याची ट्रंक आहे. तळाशी किंतानाची एक थैली, तिच्या तोंडाला गाठ. आणि वर सुटे चाकू. सुटे मोजले, तेवीस. थैलीत एकेचाळीस.

आधी थैली घेतली. घडीच्या चाकूची जन्मकुंडली पात्याच्या मुळावर असते, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे. लोक पात्याची धार बघतात, मुठीचं शिंग बघतात. मुळाकडे कुणी बघत नाही. रॉकेलचं बोट फिरवायचं, चिंधीनं पुसायचं आणि भिंग लावायचं. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, कधी मुकुट आणि राजाची अक्षरं. राणीची असली की चाकू हे शतक लागायच्या आधीचा. लष्करी असला तर बाणाची खूण आणि सरळ सालच.

थैलीतले जवळजवळ सगळे लष्करी निघाले. शेफील्डचे, काळ्या मुठीचे, दोर सोडवायचा सुळा असलेले. सालं १९१४ ते १९१७.

मंजुळाबाईंनी सांगितलं ते जुळलं. त्यांचे यजमान आबाजी पहिल्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात नोकर होते. मेलेल्यांचे कपडे उतरवायचं काम. शिपायाच्या खिशात चाकू सापडला की ठेवून घ्यायचे. बाई म्हणाल्या, मेल्यावर माणसाला चाकू काय करायचाय. एकोणीस साली परत आले, वाटसरूंसाठी हा उतारा बांधला, त्यानंतर तालुका सोडून कधी गेले नाहीत. अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत वारले.

खांदे भरून आलेत. मेलेल्यांचे चाकू हाताळले म्हणून नव्हे, वाकून बसल्यामुळे.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज सुट्या चाकूंना हात लावला आणि पहिल्यापासूनच घोळ दिसायला लागला. एकावर ‘स्टेनलेस’ अक्षरं. गंज न चढणारं पोलाद घडीच्या चाकूंत आमच्या दुकानात यायला लागलं ते वीस सालानंतर. दुसरा कचकड्याच्या मुठीचा, तोही तसलाच. तिसऱ्यावर ‘ऑक्युपाइड जपान’. हा शिक्का गेल्या लढाईनंतर अमेरिकेचा अंमल बसला तेव्हाच्या मालावर यायचा, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या अलीकडचा. दहाबारा साधे, पंजाबातल्या वजिराबादचे. आपल्याकडचे गाडीवान कमरेला लावतात तसे.

यातला एकही चाकू बसऱ्याहून आलेला असणं शक्य नाही.

मला तर गंमतच वाटली. कितीतरी दिवसांनी आपल्या विद्येचा उपयोग झाला होता. जेवताना मी बाईंना सगळं समजावून सांगितलं, अगदी पोरासारखं, चाकू हातात धरून.

त्यांचा वाढता हात थांबला. म्हणाल्या, “पात्यावरनं साल कळतं व्हय, सोपानभाऊ?”

म्हटलं, माणसाच्या दातांवरून वय कळावं तसं.

“आन् हे तुमी त्या युनूसभाईला लिवून देनार?”

म्हटलं, त्याच कामासाठी तर आलोय.

त्यांनी चटणी पुढे सरकवली. मग म्हणाल्या की यजमान बाजारातूनही कधीमधी घेत असतील, बाई माणसाला काय ठाऊक. आणि आणखी अर्धी भाकरी वाढली.

२७ नोव्हेंबर, रविवार

सर्दी झाली. बाईंनी काढा करून दिला, दोन वेळा. कडूजहर, पण स्वतः समोर बसून पाजला. दुपारभर झोपलो. जागा झालो तर अंगात पिंजलेला कापूस भरल्यासारखं. काम झालं नाही.

शेजारचा गेनू दूध घालतो. चाळिशीचा, मोठ्या मनाचा गडी. मी अंथरुणात दिसलो म्हणून बसला. म्हणाला, “बिनघोर ऱ्हावा. लई पुन्यवान बाई हाय. आजवर किती वाटसरू हितं आजारी पडलं, तिनं सोताच्या हातानं पाजलं-भरवलं.”

विचारलं, बरे झाले का सगळे.

“न्हाई वो. नशीब ज्याचं त्याचं. परमुलखातली मान्सं, चाकणच्या बाजारात कांदा इकून परत निघालेली. घरदार कुटलं ठावं न्हाई. मग आमीच चौघं खांदा देतो, आग देतो. वर्स-दोन वर्सांतनं एकादा असतोयच.”

हे तो अभिमानानं सांगत होता.

२८ नोव्हेंबर, सोमवार

रात्री गेनूचं बोलणं डोक्यात नव्हतं. सकाळी ट्रंक पाहिली आणि आलं.

तेवीस चाकू. एकोणीसपासून आजपर्यंत छत्तीस वर्षं. वर्ष-दोन वर्षांतून एक.

माझं डोकं फिरलंय. तापामुळे असं होतं. जी बाई माझे पाय चेपते तिच्याबद्दल मी हे लिहितोय, याची लाज वाटली.

तोंडाला कोरड. तांब्याभर पाणी प्यालो तरी जीभ टाळूला चिकटते.

आज परत जावं असं मनात आलं. मग रतनची खोली आठवली. तिच्या सासूचा खोकला, माझी वळकटी ठेवायला जागा नाही म्हणून दाराबाहेर. राहिलो. दमलोय मी. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं दमलोय.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

जवळचं दिसत नाही. लांबचा डोंगर स्वच्छ दिसतो. हातातला कागद पुसट. भिंग लावूनच लिहितोय. खिडकीतला उजेड, जो पहिल्या दिवशी इतका आवडला, तो डोळ्यांत सुया टोचतो.

शेवटचा चाकू पाहिला. छान आहे. हरणाच्या शिंगाची मूठ, दोन पाती, कमान अजून टणक. मुळावर ‘सोलिंगेन’. खाली ‘वेस्टर्न जर्मनी’.

‘वेस्टर्न’.

जर्मनीचे दोन तुकडे होऊन तो देश झाला एकोणपन्नास साली. त्याआधी हा शिक्का नव्हताच. मी पुनःपुन्हा पाहिलं. आबाजी अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत गेले.

हा चाकू ट्रंकेत त्यांनी ठेवलेला नाही.

विचारायला नको होतं. पण विचारलं. बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ह्यांची सवय व्हती. मागं ऱ्हायलेलं आनिक कायबी ठिवून घ्येत न्हवतं, चाकू तेवडा पेटीत टाकायचं. म्या न्हाई टाकला तर त्यांना कसंतरी वाटंल.”

आवाज तसाच, मऊ.

मग म्हणाल्या, “काडा निवतोय. घ्या.”

आणि मी घेतला. हातात भांडं दिलं आणि मी घेतला. सगळं कळलं होतं तरी. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं बळ—

३० नोव्हेंबर, बुधवार

सकाळचा काढा खिडकीतून ओतला. तळाशी गाळ राहिला. तो बोटावर घेतला, भिंगाखाली धरला. चपट्या पिवळट बिया, थोड्या कुटलेल्या. मिरचीच्या वाटतात. मिरचीच्या नव्हेत. कानाच्या पाळीसारखा आकार, अंगावर बारीक खळगे.

परसात काटेरी बोंडांची झुडपं आहेत. आल्या दिवशी पाहिली होती. धोतरा.

आरशात पाहिलं. बुबुळाचा रंग उरलाच नाही, बाहुली पसरून सगळं काळं. कातडी लाल, तापलेली, घाम नाही.

गेनूला म्हटलं, रतनला निरोप दे, काळेवाडीला, उद्याच्या उद्या. शब्द नीट येईनात. जीभ लाकडाची. तो म्हणाला, “डोळं बगा कसं काळंभोर झाल्यात. त्या समद्यांचं बी असंच व्हायाचं शेवटाला.” माझा हात धरून बसला.

निरोप त्यानं जाताना बाईंनाच सांगितला. मी ऐकलं. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना सांगितलं की काम होतं, म्हणून.

जेवलो नाही. पाणी मात्र प्यावं लागलं. तेही कडू होतं. की माझं तोंडच—

१ डिसेंबर

वार आठवत नाही. उजाडलंय.

भिंत धरून बाहेर आलो. पडवीत कुणी नव्हतं. वीस पावलं, पण जमीन उचलून येते. रस्त्याच्या मैलाच्या दगडावर बसलोय. चाकणहून पुण्याची एस.टी. याच वेळेला—

अंगरख्यावरचे दोरे वेचतोय मी. दोरे नाहीत. थांबवलं तरी बोटं वेचतात.

भागीरथी पलीकडच्या बांधावर उभी दिसली. ती नाही तिथं. मला माहीत आहे ती नाही.

गेनू आला. बिरू धनगर आला, मेंढरं सोडून. आणखी दोघं. बोलायला गेलो, घशातून नुसती घरघर.

म्हणून लिहिलं. मोठ्या अक्षरांत, मागच्या पानावर: हिनं मला धोतरा घातला. मला दवाखान्यात न्या. पान त्यांच्यापुढे धरलं.

गेनूनं वही घेतली. दोन्ही हातांनी घेतली, पोथी घ्यावी तशी. उलटी धरून पाहिली. बिरूला दाखवली. म्हणाला, “लई शिकल्यालं हायेत भाऊ. तापात बी लिवत्यात.”

चौघांतल्या एकालाही वाचता येत नाही.

वही परत माझ्या मांडीवर ठेवली, नीट.

त्या आल्या. घोंगडी घेऊन. डोक्यावर पदर. सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि खरंच डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाल्या, “उनात का बसिवलाय माज्या भावाला? घरात घ्या.”

एक जण रडतोय. चांगली माणसं आहेत ही. देवा, फार चांगली—

चाकणच्या बाजूनं धुरळा. लांबचं मला दिसतं. लाल टप. एस.टी.च आहे.

कंडक्टरला वाचता येतं. तिकिटं वाचतो तो. हे पान उघडं धरून ठेवायचं, एवढंच. थांबली नाही तरी खिडकीतून कुणीतरी

गेनूनं बगलेत हात घातला. मी दगड धरलाय. बिरू पाय

गाडीचा आवाज आला, वळणावर आहे, अजून थोडं, यांना म्हणावं थोडं थांबा, थो