उंटकटारीला पाणी

देवास, १० नोव्हेंबर २०२४

ती. इरावती वन्संस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारता आणि मी नुसतं हं हं करते, म्हणून लिहिते आहे. मनन पोटचा लेक, पण त्याला मराठी धड वाचता येत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिता येतं.

ह्यांना जाऊन तीन महिने झाले. रडू येत नाही. स्वयंपाक होतो, जेवण होतं. ह्यांनी आषाढात मागच्या अंगणात उंटकटारी लावली होती, मधमाश्यांसाठी. तिला यंदा फुलं यावीत, एवढंच एक मनात आहे. रोज तुळशीबरोबर तिलाही तांब्याभर पाणी घालते. पानं पिवळी पडताहेत, म्हणून परवापासून दोन तांबे. शेजारच्या भवानीबाई म्हणाल्या, घरात काट्याचं झाड नको, उपटून टाका. मी हं म्हटलं.

लोभ आहेच, तो कमी करू नका.
तुमची विद्युल्लता

धार, १७ नोव्हेंबर

चि. सौ. विद्युल्लता हिस अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ सवयीने लिहिलं गेलं. राहू दे.

अगं वेडे, पाणी बंद कर. ते माळावरचं रोप. तुमची देवासची काळी माती आधीच ओल धरते, त्यात तुझे तांबे. तुझं वरणही असंच पातळ असतं. माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण तात्याला त्यातलं कळायचं. लहानपणी ह्याच घरामागच्या टेकडीवर तो उंटकटारीचे निळसर गोंडे बघत बसायचा आणि मधमाशी चावून घेऊन घरी यायचा. टेकडी यंदाही भरली आहे. तुझी रोपं गेलीच तर बी पाठवीन. ये म्हटलं असतं, पण वर्षाच्या आत तू गाव सोडायची नाहीस. आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. तुमच्या त्या हिंदी बोलणाऱ्या मनन ‘भिया’ला म्हणावं, आत्याला फोन कर.

तब्येत सांभाळ, माया असू दे.
इरावती

देवास, ६ जानेवारी २०२५

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पाणी थांबवलं, पण मुळं कुजली होती. एकही फूल न येता सगळी रोपं गेली. काल मीच ती उपटली. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढंच वाटलं.

बी पाठवू नका. तुम्ही पुडी बांधाल आणि मी ते पुन्हा बुडवीन. उंटकटारी कसल्या जमिनीत, किती उन्हात उभी असते, ते मला बघायचं आहे. वर्ष ऑगस्टात पुरं होईल. बी तोवर टेकडीवर थांबायचं नाही. मनन म्हणाला, लोग क्या कहेंगे. मी म्हटलं, कहने दे.

रविवारी इंदूरला बस बदलून येते. जेवणाची घाई करू नका, आधी टेकडीवर जाऊ.

बाकी लोभ समक्ष.
विद्युल्लता