आईचा स

मंगळवार, संध्याकाळ

कॉलनीत टँकरची वेळ दाखवणारा दिव्यांचा बोर्ड आज लागला. ठिपक्यांची अक्षरं मीच बसवलीत. ‘सात वाजता’मधला स आठवडाभर जमत नव्हता. शेवटी आईनं भरलेल्या तोरणावरच्या ‘सुस्वागतम्’मधल्या स चे टाके मोजले अन् तेवढेच दिवे लावले. हे आधी का नाही सुचलं मला?

बोर्ड पेटला. हंडे खाली ठेवून बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, “हा स तर माझाच की!” मी अभिमानानं फुगले.

पण भरतकाम ती नेहमी उलट्या बाजूनं तपासते. थेट बोर्डामागं गेली. वायरींचा गुंता बघून म्हणाली, “समोरून लई भारी, पोरी. मागून उसवावं लागंल.”

हसू येतंय, तरी ती मागची बाजूच डोळ्यांपुढं आहे. उद्या उसवते.