तिसोनला कुंपणाच्या आत आण

कोमोदोरो, ९ ऑगस्ट

प्रिय रोसेंदोदादा,

सुखरूप पोचलो, हे कळवायला मला तीन आठवडे लागले. रागावला असशील. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? शेकतोस ना, की अजून मेंढ्यांमागे धावतोस?

परतीचा रस्ता वाईट गेला. खडीवर बर्फ आणि वारा असा, की ओस्करने वाटेत गाडीचं दार उघडलं ते बिजागरीतूनच निखळलं. अजून दोरीने बांधलेलं आहे. "तुझ्या भावाकडे जुलैच्या हिवाळ्यात जाणं म्हणजे नवस फेडणं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. माइते मात्र सगळी वाट कानेलाच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. कुत्री घरात आल्यापासून पोरगी झोपेत किंचाळत नाही, हे तुला माहीतच आहे.

काल तुझं पत्र मिळालं. कुरण आणि कळप शनिवारी शेजाऱ्याला लिहून देतो आहेस. "अकरा वर्षं हाताने वाढवलेला कुत्रा, माझा तिसोन, मला ओळखता आला नाही, मग मी मेंढपाळ कसला?" हे वाचलं आणि लिहायला बसले. तुझ्याकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. शुक्रवारी मिळेल. उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

आम्ही आलो त्या संध्याकाळी तू म्हणाला होतास, "नेलिदा, शहरातली कुत्री आहे, बांधून ठेव. इथली रीत ठाऊक आहे ना? मेंढीचं रक्त चाखलेल्या कुत्र्याला मालकानेच गोळी घालायची. मग रडारड नको."

"अरे, ही माशीला घाबरते!" मी म्हटलं, आणि आपण सगळे हसलो.

झोपण्याआधी ती कुईकुई करायला लागली, म्हणून मी साखळी सोडली. पाचच मिनिटांसाठी. चुलीशेजारी बसले आणि माझा डोळा लागला.

उजाडताना ती दाराशी उभी होती. छातीपर्यंत रक्त. माते-चहासाठी तापत ठेवलेल्या पाण्याने मी तिला मागच्या पायरीवर धुतलं आणि पायरीवर बर्फ लोटलं.

थोड्या वेळाने तू आलास. "चार मेल्या. गळे फाडलेत." मग कानेलाच्या पाठीवरून हात फिरवलास. "ही ओली कशी गं?"

"माइतेबरोबर बर्फात लोळली."

माइते तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती. दार ढकललं असतंस तर दिसली असती. तू ढकललं नाहीस, कारण सांगणारी मी होते.

तिसोन मला खिडकीतून दिसत होता. एक पाचवी मेंढी अजून जिवंत होती. तिला वारा लागू नये म्हणून तो तिला चिकटून पडला होता आणि तिची मान चाटत होता. त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त ते होतं, दादा. तू शीळ घातलीस आणि तो शेपटी हलवत आला. तेव्हा बोलायला वेळ होता. तू टोपी काढलीस, बंदूक उचललीस, तरीही वेळ होता. मी माते-चहात साखर घालत राहिले.

काल रात्री ओस्करला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. कुत्रा तर गेला, आता भाऊही घालवायचाय का?" मीही तीन आठवडे स्वतःशी हेच म्हणत होते.

तुझी नजर ठीक आहे. तुझ्या कुत्र्याने काहीही केलं नव्हतं. सही करू नकोस. मेंढीमाऱ्या म्हणून त्याला कुंपणाबाहेर पुरलंस ना? जमीन गोठलेली असेल, तरी त्याला बाहेर काढ आणि आत, तुझ्या बाकीच्या कुत्र्यांशेजारी ठेव.

रीत मी विसरलेले नाही. पण कानेलाला मी गोळी घालणार नाही आणि तुलाही घालू देणार नाही. मला लाज वाटते, तरी पोरीसाठी मी हेच करणार. कानेलाला घेऊन तुझ्या दारात येता येणार नाही आणि तिला घरी ठेवून यायला मला तोंड नाही. म्हणजे आता मी येणार नाही, दादा. तू बोलावलंस तरीही.

तुझी,
नेलिदा